हिवाळ्यातल्या वाऱ्यांवरून पुढचा पावसाळा कसा वाचायचा

२०१४ च्या मार्चमध्ये आमच्या शिवारात गारपीट झाली. काढणीला आलेला शाळू एका दुपारीत आडवा झाला. बांधाच्या कडेला साचलेल्या गारा दुसऱ्या दिवशी सकाळीही पूर्ण विरघळल्या नव्हत्या, टोपलीत भरल्या तर टोपली उचलवत नव्हती. पारावर बसलेले म्हातारे म्हणाले, "उन्हाळ्याच्या तोंडाला एवढं पडलं, आता मृग कोरडा जाणार." त्या पावसाळ्यात मराठवाड्यात सरासरीपेक्षा ४२ टक्के कमी पाऊस झाला. पुढच्या वर्षी ४० टक्के कमी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचं पाणी आणावं लागलं.

म्हाताऱ्यांचं खरं ठरलं. पण का खरं ठरलं, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. गारांमुळे पाऊस गेला? की दोन्हींच्या मागे तिसरंच काही होतं? की नुसता योगायोग? तेव्हापासून मी एक वही ठेवतो. डिसेंबरात पान उघडायचं, मेअखेर अंदाज लिहायचा, ऑक्टोबरात तपासायचा. ही वही कशी ठेवायची, त्यात काय टिपायचं आणि कशावर किती भरवसा ठेवायचा, ते इथे क्रमाने सांगतो. माझी जमीन मराठवाड्यात आहे म्हणून उदाहरणं इकडची जास्त आहेत, पण पद्धत कुठल्याही तालुक्याला लागू पडेल.

सुरुवातीला एक प्रश्न पाठ करा

हवेला आठवण नसते. आज वारा जसा वाहतोय त्याचा ठसा दोन-तीन आठवड्यांत पुसला जातो, म्हणूनच रोजच्या हवामानाचा अंदाज दोन आठवड्यांच्या पलीकडे टिकत नाही. मग जानेवारीतल्या वाऱ्याची गोष्ट जुलैपर्यंत पोहोचते कशी? वाटेत ती कुणीतरी सांभाळून ठेवावी लागते. सांभाळणारे तीनच: समुद्र, बर्फ आणि ओली माती. समुद्र उष्णता धरून ठेवतो, बर्फ थंडी धरून ठेवतो, माती ओल धरून ठेवते. तिघंही सावकाश बदलतात.

म्हणून कुणी कुठलीही खूण सांगितली तर आधी विचारायचं: ही खूण जूनपर्यंत कोण घेऊन येणार? उत्तर मिळालं तर वहीत जागा द्यायची. नाही मिळालं तर ऐकून घ्यायचं, लिहायचं नाही. मार्चच्या गारा दोन दिवसांत विरघळल्या, त्यांनी जूनपर्यंत काहीच नेलं नाही. त्या वर्षी पाऊस कमी पडायचं कारण गारांपलीकडे कुठेतरी होतं.

हिवाळ्याच्या आभाळावरून पावसाळा सांगायची ओढ आपल्याकडे फार जुनी आहे. वराहमिहिराने बृहत्संहितेत मेघांच्या गर्भधारणेचं प्रकरणच लिहिलंय: मार्गशीर्षापासून गर्भ धरतो आणि १९५ दिवसांनी तो पाऊस होऊन प्रसवतो. मोजून पाहा, डिसेंबरच्या मध्यापासून १९५ दिवस म्हणजे जूनची अखेर. दिवसांचा तो हिशोब आज विज्ञानाला मान्य नाही. पण पावसाळ्याची तयारी सहा महिने आधी सुरू होते, हे त्यांच्या नजरेला दिसलं होतं याचं मला फार मोल वाटतं.

पायरी पहिली: आधी आपल्या गावचा पाऊस ओळखा

बहुतेक जण इथेच चुकतात. पॅसिफिक महासागराचे नकाशे पाहतात, पण आपल्या तालुक्यात जून ते सप्टेंबर किती पाऊस पडतो ते सांगता येत नाही.

हवामान विभाग महाराष्ट्राचे चार उपविभाग धरतो. चार महिन्यांची सरासरी कोकण-गोव्यात सुमारे २८७० मिलिमीटर, विदर्भात ९४०, मध्य महाराष्ट्रात ७५० आणि मराठवाड्यात ६४०. कोकणात वीस टक्के तूट आली तरी भात बहुतेक निभावतो. मराठवाड्यात वीस टक्के तूट म्हणजे विहीर फेब्रुवारीतच तळाला. शिवाय पाऊस देणारी यंत्रणाही एक नाही. कोकणाला अरबी समुद्रावरचा वारा सह्याद्रीला धडकून पाऊस देतो. विदर्भ बंगालच्या उपसागरातून येणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांवर जगतो. मराठवाडा दोन्हीकडून उरलेल्यावर. म्हणून हिवाळ्यातली एकच खूण चार भागांत चार तऱ्हांनी उतरते.

तुमच्या तालुक्याचा जून ते सप्टेंबरचा पाऊस जितक्या वर्षांचा मिळेल तितका लिहून काढा. कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर तालुका आणि मंडळनिहाय आकडे असतात, जुन्या नोंदी तहसीलमध्ये विचारता येतात. तीस वर्षं मिळाली तर उत्तम. आता ते आकडे वर्षांच्या क्रमाने न ठेवता लहानापासून मोठ्यापर्यंत लावा. खालची दहा वर्षं कोरडी, मधली दहा मध्यम, वरची दहा ओली. समजा कोरड्या दहांतला सगळ्यात मोठा आकडा ५३० निघाला आणि ओल्या दहांतला सगळ्यात लहान ७२०. मग तुमच्यापुरतं ५३० पर्यंत कोरडं, ७२० पासून पुढे ओलं. हवामान विभागही आपले संभाव्यतेचे नकाशे याच तीन भागांच्या रीतीने काढतो, त्यामुळे पुढे दोन्हींची सांगड घालता येते.

जमलं तर घरी पर्जन्यमापक लावा. झाड आणि भिंतीपासून दूर, रोज सकाळी साडेआठ वाजता मोजायचं, कारण हवामान विभागाचा पावसाचा दिवस साडेआठला बदलतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर सुमारे ४०४७ लिटर पाणी. हा हिशोब एकदा डोक्यात बसला की "चार मिलिमीटरची सर आली" या वाक्याला वजन येतं.

पायरी दुसरी: डिसेंबर ते फेब्रुवारी, पॅसिफिककडे बघा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण सगळ्यात मोठी आठवण समुद्राची.

पॅसिफिकच्या विषुववृत्तीय पट्ट्यात एरवी वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि वरचं गरम पाणी इंडोनेशियाकडे ढकलून ठेवतात. तिथे हवा वर चढते, ढग होतात, पाऊस पडतो. हे वारे मंदावले की गरम पाणी मध्य पॅसिफिककडे पसरतं आणि हवा वर चढण्याची जागाही पूर्वेकडे सरकते. तिकडे चढलेली हवा कुठेतरी खाली उतरायला हवी. ती इंडोनेशियावर आणि आपल्या बाजूला उतरते. उतरणारी हवा ढग वाढू देत नाही. हा एल निनो. वारे जोरात असले आणि मध्य पॅसिफिक नेहमीपेक्षा थंड असला तर ला निना.

मोजायला सोपं आहे. मध्य पॅसिफिकमध्ये 'निनो ३.४' नावाचा पट्टा आखलेला आहे. तिथलं समुद्राचं तापमान सरासरीपेक्षा अर्धा अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त वर राहू लागलं की एल निनो, अर्धा अंश खाली राहू लागलं की ला निना. अमेरिकेचं हवामान अंदाज केंद्र साधारणपणे दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी याचा आढावा देतं, ऑस्ट्रेलियाचं हवामान खातंही देतं. महिन्याला एक आकडा, वहीत एक ओळ.

आता मुद्द्याची गोष्ट. हिवाळ्यात एल निनो आहे की ला निना, एवढ्यावरून पावसाळा सांगता येत नाही. गाडी कुठे उभी आहे यापेक्षा ती कुठल्या दिशेने चाललीय ते महत्त्वाचं. एल निनो बहुधा डिसेंबरच्या आसपास शिगेला पोहोचतो आणि नंतर उतरू लागतो. त्यामुळे हिवाळ्यातला जोरदार एल निनो पुष्कळदा चांगल्या पावसाळ्याच्या आधी येतो. देशाच्या पावसाचे आकडे पाहा, सरासरी १०० धरून: १९८२ ला ८५, मग १९८३ ला ११३. १९८७ च्या दुष्काळानंतर १९८८ ला ११९. २००९ ला ७८, मग २०१० ला १०२. २०१५ ला ८६, मग २०१६ ला ९७. २०२३ ला ९४, मग २०२४ ला १०८. प्रत्येक जोडीच्या मधल्या हिवाळ्यात किंवा त्यानंतर एल निनो ओसरत गेला.

उलटं, ज्या हिवाळ्यात ला निना असते आणि उन्हाळ्यात पाणी झपाट्याने तापू लागतं, तो हिवाळा मला सगळ्यात जास्त घाबरवतो. २००८-०९ चा हिवाळा तसाच होता, पुढे देशात २२ टक्के तूट आली. २०२३ चंही तेच: तीन हिवाळे चाललेली ला निना वर्षाच्या सुरुवातीला संपली, पावसाळ्यात एल निनो आला आणि १९०१ पासूनच्या नोंदींतला सगळ्यात कोरडा ऑगस्ट गेला. मराठवाड्यातलं सोयाबीन ऐन शेंगा भरण्याच्या वेळी उभ्या उभ्या वाळलं.

तिसरा प्रकार फसवा. एल निनो हिवाळ्यात असतो आणि ओसरतच नाही. १९८६-८७ चा हिवाळा असा होता आणि १९८७ ला दुष्काळ पडला. २०१४-१५ च्या हिवाळ्यात पॅसिफिक कोमट होता, तो थंडावण्याऐवजी तापत गेला, आणि २०१५ आपण भोगलं.

म्हणून वहीत नुसता आकडा लिहू नका, शेजारी बाण काढा. डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीचे तीन आकडे घेऊन वर, खाली किंवा आडवा.

गिल्बर्ट वॉकर १९०४ ते १९२४ भारतीय वेधशाळांचे प्रमुख होते. जगभरच्या केंद्रांचे दाब, तापमान आणि पावसाचे आकडे हाताने गणित करून पडताळत त्यांनी पॅसिफिकवरच्या हवेच्या दाबाचा झोका शोधला. एल निनो आणि ला निना त्याच्याशीच बांधलेले आहेत. त्यांच्याच काळापासून दिसत आलेली एक अडचणीची गोष्ट अशी की मोसमी पावसाचं या झोक्याशी असलेलं नातं मागच्या हिवाळ्यापेक्षा पुढच्या हिवाळ्याशी जास्त घट्ट आहे. मार्च ते मेमध्ये पॅसिफिक कुठेही वळू शकतो. त्या काळात केलेले अंदाज जगातल्या मोठ्या केंद्रांचेही पुष्कळदा चुकतात. २०१४ च्या वसंतात पुष्कळांना मोठा एल निनो दिसत होता. तो त्या उन्हाळ्यात आलाच नाही, आणि पाऊस मात्र तरीही १२ टक्के कमी पडला. तेव्हा फेब्रुवारीत कुणी छातीठोकपणे "यंदा एल निनो, दुष्काळ" म्हणालं तर मेअखेरपर्यंत थांबा.

समुद्राची आठवण किती लांब पोहोचते याचं ठळक उदाहरण चीनमधलं. १९९७-९८ च्या हिवाळ्यातल्या प्रचंड एल निनोने हिंदी महासागर तापवला. पॅसिफिक थंडावला, तरी हिंदी महासागर वसंतभर आणि पुढे उन्हाळ्यातही गरम राहिला. त्याने पश्चिम पॅसिफिकवर जास्त दाबाचं क्षेत्र टिकवून धरलं, त्याच्या कडेने ओलावा यांगत्सेच्या खोऱ्याकडे वळत राहिला आणि १९९८ च्या उन्हाळ्यात तिथे महापूर आला. हिवाळ्यातल्या हालचालीचा ठेवा एका समुद्राने दुसऱ्याकडे सोपवला.

पायरी तिसरी: जानेवारी ते मार्च, बर्फ

पुढचा हिशोब मला सगळ्यात आवडतो, कारण भारतातला मोसमी पावसाचा अंदाज यापासूनच सुरू झाला. भारतीय हवामान विभागाचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये मांडलं की हिमालयात हिवाळ्यात आणि वसंतात जास्त बर्फ पडला तर पुढचा मोसमी पाऊस कमी पडतो. याच विचारावर १८८६ मध्ये पहिला अधिकृत अंदाज निघाला. १९७६ मध्ये हान आणि शुक्ला या शास्त्रज्ञांनी उपग्रहाच्या चित्रांवरून हेच नातं सगळ्या युरेशियाच्या बर्फाशी लावून दाखवलं.

कारण समजायला घरातला फ्रीज पुरतो. एक किलो बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत एक किलो पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापतं. वर ताजा बर्फ अंगावर आलेल्या उन्हातला ८० टक्क्यांहून जास्त भाग परत पाठवतो, तर काळी माती बहुतेक ऊन शोषून घेते. म्हणजे मार्च-एप्रिलचं ऊन जमीन तापवण्याऐवजी बर्फ वितळवण्यात आणि मग ओली माती वाळवण्यात खर्च होतं. मोसमी वाऱ्यांना ओढून घेणारी शक्ती म्हणजे आशियाची जमीन आणि दक्षिणेकडचा समुद्र यांच्या तापमानातला फरक. जमीन उशिरा तापली की ती ओढ ढिली पडते.

वहीत काय लिहायचं? जानेवारी ते मार्च युरेशियात बर्फ सरासरीपेक्षा जास्त भागावर होता की कमी. अमेरिकेतलं रटगर्स विद्यापीठ उपग्रहाच्या नोंदींवरून याचे महिनावार आलेख देतं. आपल्या हवामान विभागाच्या एप्रिलच्या पत्रकातही यावर एक परिच्छेद असतो. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी त्या पत्रकात बर्फ सरासरीपेक्षा कमी असल्याचं म्हटलं होतं, आणि दोन्ही वर्षी देशात १०८ टक्के पाऊस झाला.

या दोन वर्षांवर भाळू नका. बर्फ किती भागावर आहे ते उपग्रह दाखवतो, तो किती जाड आहे हा वेगळा प्रश्न. उष्णता आणि ओल दोन्ही जाडीवर अवलंबून असतात. पृथ्वी तापत चालल्याने वसंतातला बर्फ एकूणच घटतोय, म्हणजे "सरासरीपेक्षा कमी" हे वाक्य आता वारंवार येणार. आणि एल निनोच्या हिवाळ्यात पश्चिम हिमालयाकडे पाऊस-बर्फ बरेचदा जास्त होतो. अशा वेळी पॅसिफिक आणि हिमालय या दोन वेगळ्या साक्षी राहत नाहीत. एकाच साक्षीदाराचं म्हणणं दोनदा मोजल्यासारखं होतं. म्हणून मी बर्फाला पॅसिफिकच्या निम्म्याहून कमी वजन देतो.

ब्लॅनफर्ड यांच्यानंतर जॉन इलियट यांनी बर्फाच्या जोडीला हिंदी महासागरावरचे दाब वगैरे घेऊन अंदाज अधिक सविस्तर केले. १८९९ साली त्यांचा अंदाज चांगल्या पावसाचा होता. त्या वर्षी देशातल्या सगळ्यात भीषण दुष्काळांपैकी एक पडला.

पायरी चौथी: पश्चिमेकडचे वारे

हिवाळ्यात सुमारे बारा किलोमीटर उंचीवर, हिमालयाच्या दक्षिणेकडून, पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणाऱ्या जोरदार वाऱ्याचा पट्टा, म्हणजे जेट प्रवाह, असतो. त्यावर स्वार होऊन भूमध्य समुद्राकडून पश्चिमी झंझावात येतात. काश्मीर-हिमाचलात बर्फ आणि पंजाबच्या गव्हाला पाऊस तेच देतात. एखादा झंझावात दक्षिणेकडे जास्त खोल उतरला आणि त्याच वेळी समुद्रावरून दमट हवा आली की आपल्याकडे गारा पडतात. २०१४ ला तेच झालं.

या प्रवाहाला वर युरोपपर्यंत हलवणारा आणखी एक झोका आहे: आइसलँडजवळचा कमी दाब आणि अझोर्स बेटांजवळचा जास्त दाब यांच्यातला फरक, म्हणजे उत्तर अटलांटिक दोलन. हे नावही वॉकर यांचंच. फरक मोठा असला की युरोप आणि उत्तर आशियात समुद्रावरची उबदार हवा आत शिरते, तिथला हिवाळा सौम्य जातो. फरक कमी असला की थंडी आणि बर्फ वाढतो. मोसमी पावसापर्यंत ही गोष्ट पोहोचायची तर ती बर्फामार्फतच, म्हणून मी वहीत हिला वेगळे गुण देत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारीची सरासरी अधिक की उणे, एवढंच लिहून ठेवतो.

खरी उपयोगाची नोंद एप्रिल-मेमधली आहे. जूनच्या सुमारास हा जेट प्रवाह हिमालय ओलांडून उत्तरेकडे जातो, तेव्हाच मोसमी वाऱ्यांना आत यायला मोकळीक मिळते. तो मेअखेरीसही उत्तर भारतावर रेंगाळत असेल, दिल्ली-राजस्थानकडे अवकाळी पाऊस चालूच असेल, तर जमीन तापायची राहते. बातम्यांत पश्चिमी झंझावाताचा उल्लेख मेमध्ये किती वेळा आला, एवढी खूणगाठ मारली तरी पुरे.

हिंदी महासागरातल्या तापमानाचा झोका, म्हणजे आयओडी, याची चर्चा खूप होते. तो जूननंतर आकार घेतो आणि सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये जोर धरतो. हिवाळ्यात तो वाचता येत नाही, वाचायचा प्रयत्नही करू नका. पण त्याची ताकद लक्षात असू द्या. १९९७ ला शतकातला एक मोठा एल निनो असताना देशात १०२ टक्के पाऊस झाला, त्यात हिंदी महासागराचा हातभार होता.

पायरी पाचवी: एप्रिल आणि मेअखेरची पत्रकं वाचा

एवढं टिपून झालं की हवामान विभागाचं पत्रक वाचायला तुम्ही तयार झालात. एप्रिलच्या मध्याला पहिला अंदाज येतो, मेअखेरीस सुधारित. पहिल्यात पाच टक्के इकडे-तिकडे अशी सूट असते, दुसऱ्यात चार. देशाची दीर्घकालीन सरासरी ८७ सेंटिमीटर धरतात.

बातमीत फक्त एक आकडा येतो: "यंदा १०५ टक्के." तो देशाचा असतो. २०१४ ला देशाची तूट १२ टक्के आणि मराठवाड्याची ४२ टक्के होती, एवढा फरक पडतो. त्या आकड्याखाली एक रंगीत नकाशा असतो, तो उघडा. कोरडं, मध्यम आणि ओलं या तिघांपैकी कशाची शक्यता जास्त ते त्यात जिल्ह्याजवळ बोट ठेवून पाहता येतं. काहीच माहीत नसतं तेव्हा तिघांची शक्यता प्रत्येकी ३३ टक्के. तुमच्या भागावर कोरड्याची ४५ टक्के दिसली तर कल कोरड्याकडे आहे. पण उरलेली ५५ टक्के शक्यता कोरडं न होण्याचीच आहे, हे तितकंच खरं.

वैज्ञानिकांनाही हे सोपं गेलेलं नाही. वसंतराव गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये सोळा घटकांचं प्रारूप, म्हणजे अंदाजाचं गणिती मॉडेल, आणलं. हिमालयातला बर्फ, युरेशियातला बर्फ, जानेवारीत सुमारे तीस किलोमीटर उंचीवरचे वारे, मार्चमधलं उत्तर भारताचं किमान तापमान, एप्रिलमध्ये भारतावरच्या उच्च दाबाच्या पट्ट्याची जागा, असं हिवाळा-वसंतातलं पुष्कळ त्यात होतं. एका मराठी माणसाने जगभरातल्या खुणा एका सूत्रात ओवल्या याचा मला आजही अभिमान वाटतो. ते प्रारूप बरीच वर्षं चाललं. २००२ ला मात्र अंदाज सर्वसाधारण पावसाचा होता आणि जुलैत देशात नेहमीच्या निम्म्याच्या आसपासच पाऊस पडला. हिवाळ्याच्या कुठल्याच खुणेत तो जुलै लिहिलेला नव्हता. पुढच्याच वर्षी पद्धत बदलली, आणि आता समुद्र आणि हवा एकत्र चालवणारी संगणकी प्रारूपं मुख्य आहेत.

नातीही काळाप्रमाणे सैल होतात. १९९९ मध्ये हवामानशास्त्रज्ञ कृष्णकुमार आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एल निनोशी असलेलं आपल्या पावसाचं नातं आधीच्या दशकांपेक्षा सैल झालंय. म्हणून आजोबांच्या काळातला नियम तुमच्या वहीत पुन्हा तपासूनच घ्या.

पायरी सहावी: अंदाजाचं शेतात काय करायचं

मी मेअखेरीस तीनच शब्दांपैकी एक लिहितो: कोरडा कल, ओला कल, कल नाही. पॅसिफिक तापत असेल आणि नकाशाही कोरडा असेल तरच कोरडा कल. पॅसिफिक थंडावत असेल, बर्फ कमी असेल आणि नकाशा ओला असेल तर ओला. खुणा एकमेकींच्या विरुद्ध असतील तर "कल नाही" लिहायला कचरत नाही. माझ्या वहीत हेच जास्त वेळा आहे.

कोरड्या कलाच्या वर्षी अशा गोष्टी करायच्या की अंदाज चुकला तरी नुकसान थोडं आणि बरोबर आला तर फायदा मोठा. पाच एकरांत सगळं सोयाबीन न घेता सोयाबीन-तूर ४:२ ओळींनी, तेही रुंद सरी वरंब्यावर. लवकर येणारं वाण. दुबार पेरणीपुरतं बियाणं घरात राखायचं. कडबा विकायचा नाही. पीक विम्याची मुदत साधारण जुलैअखेर असते, ती शेवटच्या दिवसावर ढकलायची नाही. विहिरीचं पाणी मेमध्ये मोजून ठेवायचं. ओल्या कलाच्या वर्षी चर मोकळे करायचे, निचऱ्याची वाट आधी काढायची. २०२५ ला देशात आणि मराठवाड्यातही पाऊस भरपूर झाला, पण सप्टेंबरात सीना नदीच्या काठची शेतं खरडून गेली. बेरीज चांगली म्हणजे पीक चांगलं असं नसतं.

जमीन पडीक ठेवणं, कर्ज काढून बोअर मारणं, जनावरं विकणं असे मोठे निर्णय फक्त हिवाळ्याच्या खुणांवरून घेऊ नका. २०२३ च्या उन्हाळ्यात मोबाईलवर फिरणाऱ्या एका निनावी संदेशात "यंदा ११० टक्के, बिनधास्त पेरा" असं लिहिलं होतं. आमच्या शेजारच्या काकांनी त्यावर विसंबून घरचं राखीव बियाणंही विकलं. पहिली पेरणी मोडल्यावर त्यांना दुप्पट भावाने बियाणं घ्यावं लागलं.

आणि कल काहीही असो, पेरणी कधी करायची ते हिवाळा ठरवत नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून चांगली ओल गेल्याशिवाय, वाफसा आल्याशिवाय तिफण बाहेर काढायची नाही. त्याआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासायची. सत्तरच्या खाली आली तर बियाणं वाढवायचं किंवा बदलायचं.

पायरी सातवी: ऑक्टोबरात पान तपासा

दसऱ्याच्या आसपास चार महिन्यांची बेरीज करा आणि मेमधल्या शब्दाशेजारी लिहा. पहिल्या पायरीतल्या तीन गटांपैकी कुठे पडली, एवढंच बघा. चुकलं तर खोडायचं नाही. शेजारी कारण लिहायचं: पॅसिफिक अचानक वळला, जुलैत उघडीप लांबली, आयओडी आला, की माहीत नाही.

माझ्या वहीत २०२३ च्या पानावर फेब्रुवारीत "बाण वर" आहे, मेअखेर "कोरडा कल", आणि ऑक्टोबरात "कोरडं, ऑगस्टने घात केला". त्याच्या पुढच्या पानावर फेब्रुवारीत "बाण खाली, बर्फ कमी", मेअखेर "ओला कल", ऑक्टोबरात "ओलं". त्याखाली मी लाल शाईने लिहिलंय: "१-२ सप्टेंबरची अतिवृष्टी कुठल्याच खुणेत नव्हती. खालच्या तुकड्यातलं सोयाबीन गेलं. चर पुढच्या मेमध्ये खणायचा." तो चर खणून झालाय.